बघ्यांची गल्ली

ॲमस्टरडॅमच्या महापालिकेनं 2020 सालापासून लाल दिव्यांच्या खिडक्यांसमोरून पर्यटकांचे जथे फिरवायला बंदी केली. त्याआधी काही काळ नियम जरा सौम्य होता. गाईडनं आपल्या माणसांना खिडक्यांकडे पाठ करून उभं करायचं, फोटो काढू द्यायचे नाहीत, आरडाओरडा होऊ द्यायचा नाही. आमची सहल तिथं पोचली ती हा सौम्य नियम लागू असतानाच. कोल्हापूर, इचलकरंजी, कराड, सातारा अशा गावांतली माणसं. बहुतेक साठीच्या आसपासची, जन्मभर काटकसर करून युरोप बघायला निघालेली. ट्यूलिपच्या बागा झाल्या, कालव्यातली बोट झाली, आणि संध्याकाळी सहलीच्या व्यवस्थापकानं विचारलं, ज्यांना तो भाग बघायचाय त्यांनी चला, बाकीच्यांनी हॉटेलवर विश्रांती घ्या. विश्रांतीला कुणीच थांबलं नाही.

त्या वस्तीला डे वालन म्हणतात. शहरातलं सगळ्यात जुनं चर्च, आउडे केर्क, अगदी तिच्या मधोमध आहे. चर्चला वळसा घालून गेलं की पलीकडच्या भिंतीत खिडक्या सुरू होतात. चौकात ब्राँझची एक बाई दाराच्या चौकटीत ताठ उभी आहे. हा पुतळा 2007 साली बसवला. जगभर हे काम करणाऱ्या बायकांचा मान ठेवा, अशा अर्थाची पाटी त्याच्याखाली आहे. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. तिचे फोटो काढायला मनाई नव्हती.

खिडकी म्हणजे खरं तर काचेचं दार. आत दीड-दोन पावलांची खोली. एक उंच स्टूल, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, त्याच्या कडेला वाळत टाकलेला टॉवेल, आणि सगळ्यावर तो लालसर उजेड. ज्या दारासमोर आमचा घोळका रेंगाळला तिथली मुलगी स्टुलावर बसून डब्यातलं काहीतरी खात होती. जेवणारं माणूस जसं आपल्या ताटाकडे बघतं तशी ती डब्याकडे बघत होती. मग तिची नजर वर आली. वीसेक माणसं, पाठीला सॅका, डोक्यावर एकसारख्या टोप्या. तिनं डबा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि पडदा ओढून घेतला. माझ्या शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, ‘‘थंडी वाजत नसेल का गं तिला?’’ पुढं जाणाऱ्यांपैकी कुणीतरी काहीतरी बोललं आणि दोन-तीन पुरुष हसले. गाईड पुन्हा पुन्हा सांगत होता, चला, पुढं चला.

नेदरलँड्सनं 2000 साली अशा जागा चालवण्यावरची बंदी उठवली. तिथं खिडकी भाड्यानं मिळते, कमाईवर कर भरावा लागतो. त्या बायकांची तक्रार बघ्यांबद्दल होती. गल्लीत बघणाऱ्यांची इतकी दाटी, की ज्याला खरंच यायचं आहे तो माणूस बिचकून परत जातो. वर कुणीही मोबाईल रोखतं, आणि त्यातला एखादा फोटो तिच्या गावच्या माणसांपर्यंत पोचतो. गिऱ्हाईक निदान पैसे मोजतो आणि तिच्याशी चार शब्द बोलतो. बघ्या फुकटात सगळं घेऊन जातो. महापालिकेनं बंदी घातली ती याच कारणानं, आणि ती मला पूर्णपणे पटते.

परत आल्यावर मला जास्त छळलं ते वेगळ्याच गोष्टीनं. आमच्या सहलीतली माणसं अधूनमधून भेटतात, कधी रंकाळ्यावर फिरताना, कधी लग्नकार्यात. ‘तिथलं ते बघितलंत का’ हा विषय निघाला की अजून सगळ्यांचे डोळे चमकतात. पण यातल्या एकाही माणसाला सांगलीचं गोकुळनगर कुठं आहे हे मोठ्यानं विचारण्याची हिंमत होणार नाही. कोल्हापूरपासून सांगली पन्नासेक किलोमीटर. एसटीनं दीड तास. तिथं एक वस्ती आहे, तिथल्या बायका आमचीच भाषा बोलतात, आमच्याच बाजारात भाजी घेतात, आमच्याच अंबाबाईला नवस बोलतात. ती मात्र आम्हांला बघायची नसते. सातेक हजार किलोमीटरवरची बाई प्रेक्षणीय ठरते, आणि शेजारच्या गावातल्या बाईचं नाव काढलं तरी घरातली पोरंटोरं बाहेर घालवून दार लोटून घेतात.

मला वाटतं, कोल्हापूरच्या माणसाला इथल्या वस्त्यांमध्ये पर्यटक होताच येत नाही. पर्यटकाचा त्या जागेशी काही संबंध नसतो म्हणून तो पर्यटक असतो. आपला संबंध आहे, आणि तो जुना आहे.

लहानपणी आमच्या गल्लीत मंगळवारी आणि शुक्रवारी यल्लम्माला वाहिलेली जोगतीण यायची. आधी चौंडक्याचा आवाज यायचा. लाकडाचं पोकळ नळकांडं, एका बाजूला चामडं, त्यातून ताणलेली तार; जोगत्या ते काखेत धरून वाजवायचा, आणि त्या आवाजानं सकाळ घुमायची. मग ती दारात यायची. डोक्यावर जग. म्हणजे बुट्टीत बसवलेला यल्लम्माचा पितळी मुखवटा, त्याला लुगडं नेसवलेलं, मागं मोरपिसं, पुढं कवड्यांची माळ, सगळीकडे भंडारा. तो जग डोक्यावर घेऊन ती अशी चालायची की हात न लावताही तो हलायचा नाही. तिच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ असायची, तिला ‘दर्शन’ म्हणत. आजी सुपात जोंधळे, वर तेलाची पळी आणि चिमूटभर मीठ घेऊन उंबऱ्यावर यायची. जगाला हळद-कुंकू लावायची आणि वाकून पाया पडायची. मी आजीला वाकलेलं फार थोड्या माणसांपुढं पाहिलं. नंतर जोगतीण परडीत जोंधळे घेऊन कपाळाला भंडारा लावायची आणि निघून जायची.

ती उंबऱ्याच्या आत कधीच आली नाही. तिला कुणी ‘आत या’ म्हटलेलं मला आठवत नाही. आजी तिच्या देवीच्या पाया पडायची, तिला पाणी मात्र ओसरीच्या कडेला वेगळ्या तांब्यातून मिळायचं.

तिच्याबरोबर कधीकधी तिची मुलगी असायची, माझ्याच वयाची. केसांत जट होती. जट आली म्हणजे देवीनं बोलावणं धाडलं, अशी समजूत. पोरीच्या केसांत जट आली, घरात मुलगा होईना, सतत आजारपण, पाऊस नाही, असलं काहीही कारण पुढं करून दलित आणि भूमिहीन घरांतून पोरी देवाला सोडल्या जायच्या. देवाशी लग्न लागलं म्हणजे माणसाशी लग्न नाही. घराला वारस नसला तर तीच घर चालवायची. काही जणी जोगवा मागून जगल्या, काहींना गावातल्या एखाद्या पुरुषानं ठेवून घेतलं, आणि पुष्कळजणींची रवानगी सांगली, मिरज, पुणे, मुंबईला झाली. सगळ्या देवदासी या धंद्यात गेल्या असं नाही. पण मुंबईच्या कामाठीपुऱ्यात आणि पुण्याच्या बुधवार पेठेत ज्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पोचल्या, त्यांच्यातल्या कित्येकींचे तालुके चिक्कोडी, अथणी, जत, मिरज, गडहिंग्लज हेच. माझ्याबरोबरची ती मुलगी एका वर्षी दिसेनाशी झाली. आजीनं जोगतिणीला विचारलं, पोर कुठं गेली? ‘‘ममईला,’’ ती म्हणाली. आजीनं पुढं काही विचारलं नाही, आणि सुपातले जोंधळे परडीत ओतले. गल्लीतल्या प्रत्येक बाईला त्या एका शब्दाचा अर्थ कळत होता.

मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा विधवा होते, जोगतिणी बांगड्या फोडतात, आणि माघी पौर्णिमेला पुन्हा चुडा भरतात. कोल्हापुरातून एसटीच्या गाड्या भरभरून जातात. सौंदत्तीहून जग परत आले की ओढ्यावरच्या रेणुकेच्या, म्हणजे यल्लम्माच्याच, देवळात आंबील यात्रा भरते. आंबील, भाकरी, वरणं-वांगं, कांद्याची पात असा नैवेद्य घेऊन अख्खं शहर तिथं लोटतं. हल्ली त्या गर्दीत मोबाईल उंचावलेले दिसतात. बाहेरगावची माणसं, रील करणारी मुलं. काही वर्षांपूर्वी मी तिथं एका जोगतिणीला बघितलं, साठीच्या पुढची, तोंडात दात कमी. एका पोरानं तिच्यासमोर गुडघ्यावर बसून तिचा व्हिडिओ घेतला आणि उठून चालायला लागला. तिनं त्याचा दंड धरला. ‘‘फुटू काडलास न्हवं? आता हिकडं ये. भंडारा लावून घे, परडीत धा रुपयं टाक, आन् तुजं नाव सांग.’’ पोरगा ओशाळला. पैसे काढले, नाव सांगितलं. तिनं त्याच्या कपाळाला हळद फासली आणि विचारलं, ‘‘आई हाय का रं?’’ पोरगा म्हणाला, आहे. ‘‘मग तिलाबी घेऊन ये पुढच्या खेपंला.’’ ती सहज बोलली आणि पुढं निघून गेली. मी मात्र तो पोरगा भंडारा पुसतो का हे बघत राहिले. त्यानं पुसला नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी 1920 साली कोल्हापूर संस्थानात पोरीबाळी देवाला वाहायला कायद्यानं बंदी केली. 1934 साली मुंबई इलाख्याचा कायदा आला, कर्नाटकाचा 1982 साली, महाराष्ट्राचा नवा कायदा 2005 साली. या तारखा वाचताना माझं मन एका जागी अडकतं. शाहू महाराजांच्या कायद्यापासून गडहिंग्लजच्या परिषदेपर्यंत पंचावन्न वर्षं गेली. 1975 साली डॉ. बाबा आढाव आणि प्रा. विठ्ठल बन्ने यांच्यासारख्या माणसांच्या पुढाकारानं तिथं देवदासींची परिषद भरली, आणि ज्यांच्याबद्दल सगळे बोलत होते त्या बायका स्वतः बोलायला उभ्या राहिल्या. पेन्शन द्या, घर द्या, मुलांना शाळेत घ्या. राजन गवस यांनी ही माणसं आतून लिहिली. त्यांची ‘चौंडकं’ ही कादंबरी 1985 साली आली. त्यांच्याच कादंबऱ्यांवरून आणि चारुता सागरांच्या ‘दर्शन’ या कथेवरून 2009 साली ‘जोगवा’ हा चित्रपट झाला. कोल्हापुरात तो गर्दीनं चालला. थिएटरात माझ्या मागच्या रांगेत एक बाई शेवटपर्यंत हुंदके देत होती. बाहेर पडल्यावर तिला पाहिलं, आमच्याच पेठेतली, चांगल्या घरची. तिला कुणाची आठवण झाली असेल, हे मी कधी विचारलं नाही.

पडद्यावर या बायका बघायला कोल्हापूरला कधी लाज वाटली नाही. प्रभात कंपनी 1929 साली याच शहरात सुरू झाली. पुण्याला गेल्यावर 1939 साली शांतारामबापूंनी ‘माणूस’ काढला. शांता हुबळीकरांची मैना आणि तिच्यावर जीव जडलेला पोलीस शिपाई गणपत. तिचं ते वेगवेगळ्या भाषांतलं गाणं लोकांना अजून पाठ आहे. गाणं पाठ, आणि गाणारीची गल्ली ओळखायची नाही, असं ते चाललेलं आहे.

मराठीत अशा गल्लीतली जी फेरी मला महत्त्वाची वाटते ती विजय तेंडुलकरांची. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला, म्हणजे 1972 सालच्या पहिल्या कवितासंग्रहाला, तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. लिहिण्याआधी ते नामदेवबरोबर मुंबईच्या कामाठीपुऱ्यात हिंडले. मध्यमवर्गातला नामांकित नाटककार, आणि वाट दाखवणारा त्या वस्तीत वाढलेला तरुण कवी. इथं फेरी कुणी घडवली याला महत्त्व आहे. कोणत्या दारासमोर थांबायचं आणि कोणत्या दारावरून मान खाली घालून जायचं हे ठरवणारा तिथलाच माणूस होता. कुठला शब्द आपल्याला कळत नाही हे तेंडुलकरांनी त्याला विचारून घेतलं. तिथं राहणाऱ्याच्या हातात वाट असली की बघणाराही बदलतो.

मेरी एलन मार्क ही अमेरिकन छायाचित्रकार मुंबईच्या फॉकलंड रोडला वर्षानुवर्षं येत होती. सुरुवातीला बायकांनी तिच्यावर पाणी आणि केरकचरा फेकला. 1978 साली ती येऊन महिनोन्‌महिने राहिली, रोज त्या गल्लीत जायला लागली, आणि मग दारं उघडली. 1981 साली पुस्तक निघालं. त्या चित्रांत बायका आरशासमोर आहेत, पोरांना जेवू घालताहेत, एकमेकींच्या अंगावर रेलून झोपल्यात. तिची मेहनत मी मानते. तरी त्या पुस्तकातल्या एखाद्या मुलीनं पुढं कधी ते उघडून बघितलं असेल का, आणि तिला काय वाटलं असेल, हा प्रश्न मला सुटत नाही.

आता तर गल्लीत महिने काढायचीही गरज उरली नाही. शर्टाच्या खिशात मोबाईल, कॅमेरा बाहेर, आणि बुधवार पेठेतून सरळ चालत जायचं. यूट्यूबवर असे व्हिडिओ ढिगानं आहेत. दगडूशेठ गणपतीचं दर्शन घेऊन दहा मिनिटांत त्या गल्लीत वळणारी, आणि घरी गेल्यावर तो प्रवास लोकांना दाखवणारी पोरं. खिडकीतली बाई हात हलवून ‘नको’ म्हणताना त्यात दिसते. ते ‘नको’ही व्हिडिओत तसंच राहतं. सर्वोच्च न्यायालयानं 19 मे 2022 रोजी या बायकांच्या बाबतीत आदेश दिले. छापे आणि सुटका यांच्या बातम्या देताना त्यांची ओळख पटेल असं काही छापू-दाखवू नये, हे त्यात आहे. पोलिसांनी त्यांना सन्मानानं वागवावं, आणि केवळ आई या धंद्यात आहे म्हणून मूल तिच्यापासून तोडू नये, हेही आहे. आपल्याकडे हे काम करणं हा मुळात गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं, रस्त्यात गिऱ्हाईक बोलावणं, तिच्या कमाईवर जगणं हे 1956 च्या कायद्यानं गुन्हे आहेत. लोकांना मात्र ती बाईच गुन्हा वाटते, म्हणून तिचं चित्र घ्यायला कुणाला परवानगी मागावीशी वाटत नाही.

सांगलीच्या बायकांनी या बाबतीत जे केलं ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असायला हवं होतं. 1992 साली तिथं ‘संग्राम’, म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्था, एड्सच्या कामाला उभी राहिली. निरोध वाटायचे, तर ते कोण वाटणार? धंद्यातल्या बायकांनीच वाटायचे, असं ठरलं. त्यातून 1996 साली त्यांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. नाव त्यांनी लपवलं नाही. पुढं 2010 साली परदेशातून आलेल्या एका बाईनं या भागातल्या बायकांवर ‘प्रॉस्टिट्यूट्स ऑफ गॉड’ नावाचा माहितीपट केला. तो जगभर पाहिला गेला. गोकुळनगरच्या बायकांनीही तो पाहिला, आणि त्या गप्प बसल्या नाहीत. कॅमेऱ्यासमोर ओळीनं बसून त्यांनी स्वतःचा व्हिडिओ केला: आम्ही तुला घरात घेतलं, विश्वासानं बोललो, आणि तू आमच्या खाजगी गोष्टी उघड्यावर मांडल्यास, आमचं जगणं आणि आमची देवी चुकीची दाखवलीस, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ. बघितल्या गेलेल्या बायकांनी बघणारीला जाब विचारला. त्यांनी सुषमा देशपांडे यांच्याबरोबर स्वतःच्या आयुष्यावर नाटकही उभं केलं, स्वतः त्यात कामं केली. प्रेक्षकांनी कुठं बसायचं आणि काय बघायचं हे आता त्या ठरवत होत्या.

हे सगळं वाचून-ऐकून असतानाही मी तिथं आपण होऊन गेले नाही. माझी एक मैत्रीण त्या भागातल्या मुलांचा अभ्यास घेते. एका दिवशी तिनं सांगितलं, बायकांनी विचारलंय, तुमच्या त्या कोल्हापूरच्या लिहिणाऱ्या बाई कोण, त्यांना एकदा आणा. म्हणून गेले.

दुपारची वेळ. पत्र्याच्या आणि सिमेंटच्या खोल्या, दारापुढं धुणं, एका ओट्यावर दोघीजणी एकमेकींच्या केसांना मेंदी लावत होत्या. मी दाराबाहेर चप्पल काढायला वाकले तर आतून आवाज आला, ‘‘या की आत, भायेरच का उभ्या ऱ्हायलासा?’’ देव्हाऱ्यात यल्लम्मा, शेजारी अंबाबाई आणि बाबासाहेबांचा फोटो. कॉटवर शाळेचं दप्तर. मी बसते न बसते तोच प्रश्न सुरू झाले. ‘‘गाव कंचं म्हणायचं?’’ मी माहेरचं गाव सांगितलं. ‘‘अगं बाई! म्हंजे त्या अमक्या मळ्याच्या वरच्या अंगाला?’’ तिची आजी त्याच मळ्यात भांगलायला जायची. तो मळा आमच्या भावकीचा. रोज किती मिळायचा, दुपारची भाकरी कुठल्या झाडाखाली खायच्या, मुकादम कोण होता, हे सगळं तिनं सांगितलं. झाड मलाही आठवत होतं. तिची आई त्या गावातून देवाला सोडली गेली. मी काही बोलले नाही. काय बोलायचं होतं? ती मात्र बोलत राहिली, जणू नात्यातल्याच बाईला गावाकडची खबर सांगावी.

मग त्यांनी मला विचारायला घेतलं. मालक काय करतात. घरात पैसा कुणाच्या हातात असतो. सासूनं छळलं का. मुलीचं लग्न मुलीच्या मर्जीनं झालं का. मी नोकरी करत होते तेव्हा पगार स्वतःच्या नावानं बँकेत ठेवला का. शेवटच्या प्रश्नाला मी म्हटलं, सुरुवातीची बरीच वर्षं नाही. त्यांच्यातली थोरली, चष्मा लावलेली, मान हलवून म्हणाली, ‘‘आमी ठेवतो.’’ ते टोमण्यानं म्हटलेलं नव्हतं. एका बाईनं दुसऱ्या बाईला सांगावं तसं म्हटलेलं होतं.

एकीनं स्टीलच्या पेल्यात चहा आणला. ‘‘च्या घेनार न्हवं?’’ असं तिनं विचारलं तेव्हा पेला तिनं हातात धरून ठेवला होता, मी ‘हो’ म्हणेपर्यंत पुढं केला नाही. हा प्रश्न तिला किती जणांनी कशाकशा तऱ्हेनं परत दिला असेल ते त्या धरलेल्या हातात होतं. मी पेला घेतला. चहा गोड होता, आल्याचा.

लिहिण्याचा विषय निघाला तेव्हा त्यांच्या अटी तयार होत्या. ‘‘लिवनार असलासा तर आदी आमास्नी वाचून दावायचं. नाव घालायचं न्हाई. फुटू तर न्हाईच. आन् बिच्चाऱ्या म्हनायचं न्हाई.’’ हा मजकूर मी त्यांना वाचून दाखवला आहे. एका ठिकाणी त्यांनी हरकत घेतली, ते वाक्य मी काढलं. बाकी ‘‘चाललं’’ म्हणाल्या.

माझं म्हणणं इतकंच आहे की, ज्या मळ्यात तिच्या आजीनं भांगलण केली त्या मळ्याच्या घरातल्या बाईला ती वस्ती प्रेक्षणीय स्थळ कशी होईल? ॲमस्टरडॅमच्या काचेमागची मुलगी कुठल्या देशातून आली, तिच्या गावाशी कुणाचं काय नातं, हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून आमच्या घोळक्याला नुसतं बघून पुढं जाता आलं. इथं ती सोय नाही. तिच्या गावाचं नाव आपल्या सातबाऱ्यावर असतं. आपल्या आज्यांनी त्यांच्या जगापुढं हात जोडले आणि त्यांच्या पोरी मुंबईला गेल्या तेव्हा गल्लीनं पुढचा प्रश्न विचारला नाही. कुणाला वाटेल, जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या. पण जुन्या कुठं आहेत? कॉटवरचं ते दप्तर एका नववीतल्या मुलीचं होतं.

तिच्या आईनं मला बोलावून घेतलं होतं ते तिच्यासाठीच. मुलगी हुशार, गणितात चांगली. गोकुळनगरच्या पत्त्यावरून शाळेत कुजबूज सुरू झाली होती. ‘‘तुमच्या कोल्लापुरात लई बोर्डिंगं हायती म्हनं. म्हाराजांनी काडलेली.’’ खरं आहे. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. 1901 साली मराठ्यांचं आणि जैनांचं वसतिगृह सुरू झालं, 1906 साली मुसलमान मुलांसाठी, 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. ज्याला कुणी घरात घेत नाही त्याला शहरात राहायला छप्पर हवं, एवढा साधा विचार महाराजांनी केला आणि दगड-विटांत बांधून दाखवला.

मी मुलींच्या वसतिगृहांत चौकशी करायला लागले. एका ठिकाणच्या फॉर्मवर वडिलांचं नाव आणि व्यवसाय या दोन ओळी आहेत, त्याखाली आईचं नाव. महाराष्ट्र सरकारनं 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या बाबतीत सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापुढं आईचं नाव लिहिणं सक्तीचं केलं आहे, तरी फॉर्म जुनाच. मी विचारलं, वडिलांच्या ओळी रिकाम्या ठेवल्या तर? समोरच्या बाई म्हणाल्या, तसं चालत नाही हो, काहीतरी लिहाच. मुलीच्या आईनं आणि मी मिळून वरच्या अधिकाऱ्यांना अर्ज केला, न्यायालयाच्या आदेशाची प्रत जोडली, मुख्याध्यापकांचं पत्र जोडलं. बऱ्याच खेपा झाल्या. शेवटी वडिलांच्या ओळी मोकळ्या ठेवून फॉर्म घेतला गेला आणि दहावीच्या वर्षाला तिला जागा मिळाली.

सोडायला आली त्या दिवशी आईनं नवं लुगडं नेसलं होतं आणि मुलीच्या ट्रंकेवर तिचं पूर्ण नाव पांढऱ्या रंगानं रंगवून आणलं होतं, आईच्या नावासकट. वसतिगृहाच्या बाईंनी नियम वाचून दाखवले. रविवारी दहा ते पाच भेट, पालकांनी रजिस्टरवर सही करायची, भेटीची खोली तळमजल्यावर. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, ‘‘सई मला येती. पर एक सांगून ठेवते बाई. दर ऐतवारी मी येनार. फाटकाभायेर उभी ऱ्हानार न्हाई, आत येऊन खुर्चीवर बसनार. चालंल न्हवं?’’

बाईंनी रजिस्टर तिच्यापुढं सरकवलं.